ऍपल टू ई: चौथ्या स्लॉटवर तीन कार्डांचा दावा. कोणतं कार्ड कुठे बसवावं?

षोडशांक
ऍपल टू ई हा जुना संगणक आहे, एन्हान्स्ड (सुधारित) नसलेला. ऑक्झिलरी स्लॉटमध्ये ८० कॉलम आणि जादा ६४के मेमरीचं कार्ड आहे. त्याशिवाय बसवायची सात कार्डं अशी: पॅरलल प्रिंटर, सुपर सीरियल, माऊस, मॉकिंगबोर्ड (आवाजाचं), झेड-८० सॉफ्टकार्ड (वेगळा प्रोसेसर असलेलं), डिस्क टू कंट्रोलर (फ्लॉपीचं) आणि हार्ड डिस्कसारखं चालणारं सीएफ कार्ड.

स्लॉट सात, कार्डं सात. तरी गणित जुळत नाही. माऊस, मॉकिंगबोर्ड आणि झेड-८० या तिघांच्याही माहितीपुस्तिका चौथ्या स्लॉटकडे बोट दाखवतात आणि तिसऱ्या स्लॉटबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. प्रश्न असा की कोणतं कार्ड हलवता येतं, कोणतं नाही, आणि का?

(हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे, पत्ते $ लावून लिहू या, म्हणजे गोंधळ होणार नाही.)

तांबेपट्टी
आधी "का" घेऊ, म्हणजे "कुठे" आपोआप सुटेल.

या मशीनमध्ये कार्डाला जंपरने (कार्डावरच्या छोट्या जोडपिनांनी) पत्ता द्यावा लागत नाही, स्लॉटच पत्ता ठरवतो. प्रत्येक स्लॉटला तीन गोष्टी मिळतात:

१. रजिस्टरसाठी (कार्डाशी हुकूम-माहितीची देवाणघेवाण करायच्या जागा) १६ बाइट. पहिल्या स्लॉटला $सी०९० पासून, दुसऱ्याला $सी०ए०, असं करत सहाव्याला $सी०ई०, सातव्याला $सी०एफ०.
२. कार्डावरच्या रॉमसाठी (कायम कोरलेल्या प्रोग्रामसाठी) २५६ बाइटांचं एक पान. सहाव्या स्लॉटचं पान $सी६००, चौथ्याचं $सी४००.
३. $सी८०० ते $सीएफएफएफ हा २के चा तुकडा. हा सगळ्यांना मिळून एकच.

पहिल्या दोन बाबतींत भांडण होऊच शकत नाही. भांडणं तीनच ठिकाणी होतात: सामाईक २के मध्ये, स्लॉट नंबर गृहीत धरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये.

म्हणून ज्या कार्डांचं सॉफ्टवेअर हट्टी आहे त्यांची जागा आधी पक्की करा. ज्यांना सॉफ्टवेअर स्वतः शोधून काढतं ती उरलेल्या जागी. तुमच्या यादीत हट्टी दोनच, डिस्क टू सहाव्यात आणि मॉकिंगबोर्ड चौथ्यात. बाकी सगळी हलतात.

शून्यपान
सहमत. मॉकिंगबोर्डबद्दल थोडी भर घालतो. त्याच्यावर रॉम नाहीच. रॉमच्या पानावर दोन ६५२२ (इनपुट-आउटपुट) चिप बसवल्या आहेत, एक $सी४०० वर आणि दुसरी $सी४८० वर. कित्येक गेम स्लॉट न शोधता थेट $सी४०० वर लिहितात, त्यामुळे कार्ड पाचव्यात टाकलं की ते गेम मुके होतात.

आता त्याच चौथ्या स्लॉटमध्ये झेड-८० असेल तर काय होतं बघा. सॉफ्टकार्ड चालू-बंद होतं ते त्याच्या रॉम-पानावर लिहिल्याने. गेमने आवाज सुरू करायला $सी४०० वर बाइट लिहिला की ६५०२ (ऍपलचा मूळ प्रोसेसर) थांबतो आणि झेड-८० जागा होतो. झेड-८० चा पत्ता शून्य म्हणजे ऍपलचा $१०००. तिथे गेमचा ६५०२ साठीचा कोड असतो आणि झेड-८० तो आपला समजून चालवायला घेतो. स्क्रीन गोठते. लोक याला कार्ड खराब म्हणतात, पण दोन्ही कार्डं ठणठणीत असतात.

जंपरवाला
मग माऊस पाचव्यात. माऊस वापरणारे बहुतेक प्रोग्राम स्लॉट १ ते ७ तपासून दोन ओळखीचे बाइट शोधतात: पानाच्या $०सी या जागी $२० आणि $एफबी या जागी $डी६. मॉनिटरमध्ये (मेमरी दाखवणाऱ्या अंगभूत प्रोग्राममध्ये) जाऊन स्वतः खात्री करता येते:

कॉल -१५१
सी५०सी
सी५एफबी

$२० आणि $डी६ आले म्हणजे माऊस कार्ड पाचव्यात नीट बसलं आहे. दोन्हीकडे भलतंसलतं आलं, किंवा दर वेळी वेगळं आलं, तर कार्ड पूर्ण आत गेलेलं नाही.

षोडशांक
@जंपरवाला, असं प्रत्येक कार्डाचं ओळखपत्र असतं का?

जंपरवाला
सगळ्यांचं नाही, पण मुख्य कार्डांचं असतं. डिस्क टू चं सगळ्यात सुंदर. सी६००.सी६०७ टाइप करा, हे आठ बाइट दिसले पाहिजेत:

ए२ २० ए० ०० ए२ ०३ ८६ ३सी

यात १, ३, ५, ७ या जागांवरचे $२०, $००, $०३, $३सी हीच बूट होणाऱ्या डिस्कची खूण. मशीन सुरू होताना सातव्या स्लॉटपासून खाली येत ही खूण शोधते आणि जिथे पहिल्यांदा सापडेल तिथून बूट करते. गंमत म्हणजे हे चार बाइट फक्त खूण म्हणून ठेवलेले नाहीत. ते चालणाऱ्या सूचनांचेच भाग आहेत, एलडीएक्स २०, एलडीवाय ००, एलडीएक्स ०३, एसटीएक्स ३सी.

सुपर सीरियलची खूण: ०५ या जागी $३८, ०७ वर $१८, ०बी वर $०१, ०सी वर $३१.

शून्यपान
आणि इथेच @षोडशांक यांना सीएफ कार्ड त्रास देणार. साध्या टू ई चा रॉम चारही बाइट तपासतो. स्मार्टपोर्ट (ऍपलची नंतरची डिस्क जोडणी) पद्धतीच्या कार्डात ०७ या जागी $०० असतो, $३सी नाही. त्यामुळे मशीन सातव्या स्लॉटवरून पुढे जाते आणि सहाव्यातली फ्लॉपी घरघरत बसते. कार्डात दोष नाही. कंट्रोल-रीसेट दाबा आणि पीआर#७ (सातव्या स्लॉटवरून सुरू कर) टाइप करा, बूट होईल.

एन्हान्स्ड टू ई चा रॉम पहिले तीनच बाइट बघतो, त्यामुळे तिथे आपोआप बूट होतं. एन्हान्समेंटसाठी चार चिप बदलाव्या लागतात: ६५सी०२, सीडी रॉम, ईएफ रॉम आणि अक्षरांचा रॉम. चारही एकत्र बदला, अर्धवट संच ठेवू नका.

पाचव्होल्ट
कोणी विजेबद्दल बोलत नाहीये, म्हणून मी बोलतो. ऍपलच्या संदर्भपुस्तिकेप्रमाणे सगळ्या कार्डांना मिळून मर्यादा अशी: +५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, +१२ वर २५०, -५ वर २०० आणि -१२ वर २००. सात कार्डांत ५०० मिलिअँपिअर म्हणजे कार्डामागे जेमतेम ७०. टीटीएल (जुन्या, जास्त वीज खाणाऱ्या) चिपांनी भरलेलं एखादं जुनं कार्ड एकटंच यातला मोठा वाटा खातं.

लक्षण ठरलेलं आहे: मशीन एरवी व्यवस्थित, पण ड्राइव्हची मोटर फिरायला लागली की रीसेट होते किंवा स्क्रीनवर कचरा येतो. लोक दिवसभर स्लॉट बदलत बसतात. मल्टिमीटर लावून मोटर चालू असताना +५ मोजा. ४.७५ च्या खाली जात असेल तर स्लॉट बदलून काहीही होणार नाही. एखादं कार्ड काढा किंवा पुरवठा दुरुस्त करा.

तांबेपट्टी
+१. प्रत्येक स्लॉट-चर्चेत हे पहिलं उत्तर असायला हवं.

मध्यरात्रीचा_बिट
तिसऱ्या स्लॉटचं कोणी सांगेल का? माझ्या वाचनात "तिसरा स्लॉट मेला" असं येतं.

तांबेपट्टी
मेलेला नाही, अर्धा जिवंत आहे. टू ई मध्ये ऑक्झिलरी स्लॉटला ८० कॉलमचं कार्ड असलं की $सी३०० वर मदरबोर्डचा स्वतःचा रॉम दिसतो आणि तिसऱ्या स्लॉटमधल्या कार्डाचा रॉम झाकला जातो. पण $सी०बी० ते $सी०बीएफ ही सोळा रजिस्टरं तशीच चालू राहतात.

म्हणजे ज्या कार्डाचं काम फक्त त्या सोळा बाइटांवर भागतं ते तिसऱ्यात आनंदाने राहतं. जुनं उथरनेट (नेटवर्क) कार्ड याचं उत्तम उदाहरण. त्याच्यावर रॉम नाही आणि त्याचं बरंचसं सॉफ्टवेअर तिसरा स्लॉटच धरून चालतं.

मॉकिंगबोर्ड आणि झेड-८० मात्र रॉमच्या पानावरच चालतात, त्यामुळे तिसऱ्यात त्यांचा उपयोग नाही. $सी००बी वर लिहून कार्डाचा रॉम उघडता येतो आणि $सी००ए वर लिहून परत झाकता येतो, पण उघडा ठेवला तर ८० कॉलमचं फर्मवेअर जातं. रोजच्या वापराचा हा मार्ग नाही.

षोडशांक
म्हणजे माझ्या सातही कार्डांना पान लागतं, आणि पानं आहेत सहा.

तांबेपट्टी
बरोबर. एक कार्ड बाहेर ठेवावं लागेल. हिशोबच तसा आहे, युक्तीने सुटणारा नाही.

दोनशेवीस
अवांतर, पण विषय हाच: जुन्या पीसीच्या आयएसए (विस्तार) स्लॉटमध्ये सगळं उलटं असतं. तिथे कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे याला जवळपास अर्थ नाही. पत्ता, आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची, म्हणजे इंटरप्टची, तार) आणि डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीशी व्यवहार) तिन्ही जंपरवर. (अपवाद एक्सटी या सुरुवातीच्या पीसीचा आठवा स्लॉट. तिथे कार्डाने "मी निवडलो गेलो" हा वेगळा सिग्नल द्यावा लागतो, म्हणून बरीच कार्डं तिथे गप्प बसतात.)

नेहमीची भांडणं:
- नेटवर्क कार्ड $३०० वर, एक्सटी-आयडीई (हार्ड डिस्क कार्ड) सुद्धा $३०० वर. दोन्हींचा मूळ जंपर तोच.
- मग लोक नेटवर्क कार्ड $३६० वर नेतात. एनई२००० या नेटवर्क कार्डाला ३२ पत्ते लागतात, म्हणजे $३६० ते $३७एफ. प्रिंटर पोर्ट $३७८ वर. छपाई करताना नेटवर्क का तुटतं हे मग कळत नाही. $३२० किंवा $३४० घ्या. एक्सटीमध्ये $३२० वर जुनी हार्ड डिस्क असते, तिथे $३४०.
- $३३० वर एमपीयू-४०१ मिडी (संगीत) आणि तिथेच एका लोकप्रिय स्कझी (डिस्क जोडणीच्या) कार्डाचा मूळ पत्ता.

जंपरवाला
यात कॉम४ ची (चौथ्या सीरियल पोर्टची) भर घाला. जुनी कार्डं पत्त्याचे फक्त खालचे १० बिट वाचतात. ८५१४/ए पद्धतीच्या ग्राफिक्स कार्डांची रजिस्टरं $४२ई८, $८२ई८ अशी असतात. वरचे बिट सोडले की दोन्हींचं $२ई८ होतं, आणि तो कॉम४ चा पत्ता. जंपरच्या तक्त्यावर दोन्ही वेगळे दिसतात, बसवर एकच.

मध्यरात्रीचा_बिट
आयआरक्यूचं काय? ऍपलमध्ये सगळी कार्डं एकच आयआरक्यू तार वापरतात ना? मग पीसीत दोन कार्डांना एक आयआरक्यू का चालत नाही?

शून्यपान
कारण तारेचा स्वभाव वेगळा आहे. ऍपलमध्ये आयआरक्यूची तार एरवी वर असते आणि कार्ड ती ओपन-कलेक्टरने (फक्त खाली ओढू शकणाऱ्या जोडणीने) खाली ओढतं. दोघांनी ओढली तरी काही बिघडत नाही, आणि शेवटचं कार्ड सोडेपर्यंत ती खालीच राहते. हँडलर (हाकेला उत्तर देणारा प्रोग्राम) एकेकाला विचारतो, "तू का?" कोणी सुटत नाही.

आयएसएमध्ये कार्ड तार दोन्ही बाजूंना जोर लावून चालवतं. एक वर ढकलतो, दुसरा खाली धरून ठेवतो. शिवाय कंट्रोलर फक्त चढती कड (तार खालून वर जाण्याचा क्षण) बघतो. तार आधीच वर असताना दुसऱ्याने मागणी केली तर कड होतच नाही आणि ती मागणी हरवते. म्हणून कॉम१ आणि कॉम३ दोघांचा आयआरक्यू ४ असला तरी ते एकाच वेळी वापरता येत नाहीत.

दोनशेवीस
एक सूट मात्र आहे. साउंड ब्लास्टर (आवाजाचं कार्ड) आणि एलपीटी१ (पहिला प्रिंटर पोर्ट) दोघेही आयआरक्यू ७ वर असले तरी बहुधा चालतं, कारण डॉसमधली छपाई ते इंटरप्ट वापरतच नाही. तरी एलपीटी२ नसेल तर साउंड कार्ड आयआरक्यू ५ वर न्या.

पाचव्होल्ट
"बहुधा चालतं" यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. छपाईच्या पोर्टवरून फायली पाठवणारे प्रोग्राम तोच इंटरप्ट वापरू शकतात. पाच मोकळा असताना सातवर भांडण ठेवायचं कशाला?

दोनशेवीस
मान्य, म्हणूनच ५ म्हटलं. :)

आयएसएमध्ये सगळ्यात फसवं भांडण रॉमचं. १६ बिटी स्लॉटमध्ये "मी १६ बिटी मेमरी आहे" हा सिग्नल पत्त्याच्या फक्त वरच्या बिटांवरून ठरतो आणि त्याची सीमा १२८के ची असते. $सी०००० ते $डीएफएफएफएफ हा एकच तुकडा. व्हीजीएचा (ग्राफिक्स कार्डाचा) बायॉस $सी००० सेगमेंटला (म्हणजे $सी०००० ला) १६ बिटी म्हणून उत्तर देतो. त्याच तुकड्यात $सी८०० सेगमेंटला ८ बिटी डिस्क रॉम असेल तर त्याचे बाइट अर्धे हरवतात. पत्ते एकमेकांवर येत नाहीत, तरीही भांडण होतं. उपाय म्हणजे व्हीजीएवरचा "८ बिटी बायॉस" जंपर लावा, किंवा ते कार्ड ८ बिटी स्लॉटमध्ये टाका.

तपासायला डॉसचा डीबग पुरे. "डी सी८००:०" दिल्यावर पहिले दोन बाइट ५५ एए असायला हवेत. "डी ४०:०" मध्ये पहिले आठ बाइट कॉम पोर्टचे पत्ते, पुढचे आठ प्रिंटरचे, आणि प्रत्येकात खालचा बाइट आधी. म्हणजे एफ८ ०३ दिसलं की $३एफ८. मोनोक्रोम कार्डाचा प्रिंटर पोर्ट $३बीसी वर असेल तर तोच एलपीटी१ होतो आणि $३७८ वाला एलपीटी२. बदललेला क्रमांक बघून घाबरू नका.

लाल_वायर
टीआय-९९/४ए या जुन्या घरगुती संगणकाची विस्तारपेटी या दोन्हींच्या मधली आहे. कार्ड कुठल्याही स्लॉटमध्ये चालतं, पण पत्ता कार्डातच कोरलेला: डिस्क कंट्रोलर $११००, पहिलं आरएस२३२ $१३००, दुसरं $१५००. सगळ्यांचे रॉम $४००० ते $५एफएफएफ या एकाच खिडकीत येतात आणि एका वेळी एकाच कार्डाचा रॉम चालू करायचा असतो. दोन सारखी आरएस२३२ कार्डं लावायची तर एकाचा पत्ता बदलावाच लागतो.

मध्यरात्रीचा_बिट
आणि ज्या मशीनना स्लॉटच नाही, एकच कडेचा कनेक्टर आहे, त्यांचं?

लाल_वायर
तिथे भांडण पत्ता अर्धवट वाचण्यामुळे होतं. स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावरचे कित्येक केम्पस्टन जॉयस्टिक इंटरफेस पोर्ट ३१ ला उत्तर देताना पत्त्याचा फक्त ए५ बिट बघतात. ए५ शून्य असलेल्या कुठल्याही पोर्टला ते उत्तर देतात, म्हणून मागे जोडलेलं दुसरं काही वाचताना जॉयस्टिक मधे बोलते. कमोडोर ६४ मध्ये $डीई०० आणि $डीएफ०० अशी दोनच पानं आहेत. आरईयू या जादा मेमरीची रजिस्टरं $डीएफ०० वर, त्यामुळे तेच पान वापरणारी कार्ट्रिज सोबत चालत नाही. स्विच असलेला विस्तारबोर्ड घेऊन एकाला बंद ठेवणं, एवढंच हातात असतं.

शून्यपान
परत ऍपलकडे. @तांबेपट्टी यांनी सामाईक २के चा उल्लेख केला आणि तो तसाच राहिला.

नियम असा: कार्डाच्या स्वतःच्या पानाला हात लागला की त्याने $सी८०० चा रॉम उघडायचा, आणि कोणी $सीएफएफएफ वाचलं की बंद करायचा. चांगलं फर्मवेअर आधी $सीएफएफएफ ला हात लावतं आणि मग आपला रॉम उघडतं. काही स्वस्त कार्डं $सीएफएफएफ पाळतच नाहीत. एकटी असताना उत्तम चालतात, दुसरं $सी८०० वापरणारं कार्ड आलं की दोन्ही रॉम एकदम बसवर बोलतात. खूण ही की दोन कार्डं वेगवेगळी चालतात, एकत्र अडकतात, आणि स्लॉट बदलून फरक पडत नाही. तिथे त्यातलं एक कार्ड काढण्याशिवाय मार्ग नाही.

दुसरी जागा इंटरप्टची. हँडलरने परत जाताना आधीच्या कार्डाचा रॉम उघडून द्यायचा असतो. त्यासाठी चालू कार्ड $०७एफ८ वर आपला नंबर ठेवतं, उदाहरणार्थ दुसऱ्या स्लॉटसाठी $सी२. हे न पाळणारं कार्ड आणि माऊसचे इंटरप्ट एकत्र आले की छपाई मधेच भरकटते.

जंपरवाला
त्याच मेमरीबद्दल: $४०० ते $७एफएफ हा मजकुराच्या स्क्रीनचा भाग, पण त्यात न दिसणाऱ्या जागा आहेत आणि प्रत्येक स्लॉटला त्यातले आठ बाइट दिलेले असतात. काही गेम चित्र थेट त्या पूर्ण भागावर ओततात आणि कार्डाने जपून ठेवलेली माहिती पुसली जाते. गेमनंतर सीरियल कार्ड वेड्यासारखं वागलं तर आधी रीसेट करून पाहा, स्लॉट हलवू नका.

पाचव्होल्ट
आणि डीएमए साखळी. सॉफ्टकार्ड ६५०२ ला डीएमएच्या तारेने थांबवतं. प्राधान्याची साखळी २७ नंबरच्या पिनवरून आत येते आणि २४ वरून पुढे जाते. इंटरप्टची तशीच २८ वरून आत, २३ वरून बाहेर. रिकामा स्लॉट साखळी तोडतो. डीएमएची दोन कार्डं असतील तर त्यांच्यामध्ये रिकामा स्लॉट ठेवू नका. एकच असेल तर चिंता नाही.

षोडशांक
एकच आहे. मग झेड-८० नक्की कुठे?

तांबेपट्टी
सीपी/एम (झेड-८० वर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) बूट होताना सॉफ्टकार्ड स्वतः शोधतं, त्यामुळे कुठल्याही पान असलेल्या स्लॉटमध्ये चालेल. माझी मांडणी:

१ – पॅरलल प्रिंटर
२ – सुपर सीरियल
३ – रिकामा (पुढे उथरनेट)
४ – मॉकिंगबोर्ड
५ – माऊस किंवा झेड-८०
६ – डिस्क टू
७ – सीएफ

माऊस आणि झेड-८० एकत्र लागत नाहीत. सीपी/एमला माऊस नको, प्रोडॉसला (ऍपलच्या ऑपरेटिंग सिस्टिमला) झेड-८० नको.

जंपरवाला
इथे थोडा असहमत. पाचव्यातलं कार्ड सारखं काढ-घाल केल्याने स्लॉटच्या पट्ट्या सैल होतात. सुपर सीरियल प्रिंटरही चालवतं. प्रिंटर सीरियल असेल तर पॅरलल कार्ड कायमचं काढा, सुपर सीरियल पहिल्यात आणा, त्याचा जंपर-ठोकळा टर्मिनलच्या बाजूने लावा आणि दुसऱ्यात झेड-८० ठेवा. मग काहीच हलवावं लागत नाही.

तांबेपट्टी
प्रिंटर सीरियल असेल तर तुमची मांडणी जास्त चांगली. माझी मागे घेतो.

षोडशांक
प्रिंटरला दोन्ही पोर्ट आहेत! @जंपरवाला यांची मांडणी घेतो. घड्याळाचं कार्ड पुढे लावायचं झालं तर?

शून्यपान
त्यासाठी स्लॉट खर्च करू नका. डीएस१२१६ हे घड्याळ असलेलं सॉकेट मदरबोर्डवरच्या २८ पिनांच्या रॉमखाली बसतं, प्रोडॉसला त्याचा छोटा ड्रायव्हर लागतो.

पाचव्होल्ट
बसवताना: मेन स्विच बंद, आणि मदरबोर्डवरचा लाल दिवा पूर्ण विझल्याशिवाय कार्डाला हात नाही. समोरून पाहिलं तर कार्डाची चिपांची बाजू उजवीकडे, पॉवर सप्लायच्या विरुद्ध. कार्ड सरळ खाली दाबा, तिरकं डोलवू नका. डिस्क टू ची रिबन केबल लावताना दोन्ही टोकांच्या पिना मोजा. एक पिन सरकली तर १२ व्होल्ट ड्राइव्हच्या बोर्डावरच्या ७४एलएस१२५ मध्ये जातात आणि ती चिप तिथेच जळते.

लाल_वायर
आणि सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासू नका, सोन्याचा थर निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा.

जंपरवाला
शेवटचा क्रम: आधी फक्त डिस्क टू सहाव्यात, बूट करा. मग सीएफ, पीआर#७. मग एकेक कार्ड वाढवा, प्रत्येकाचे ओळखीचे बाइट मॉनिटरमध्ये बघा आणि प्रत्येक वेळी फ्लॉपी फिरवून +५ मोजा. मॉकिंगबोर्ड सगळ्यात शेवटी, कारण त्याला ओळखीचे बाइट नाहीत, तो आवाजानेच तपासावा लागतो.